निवेदन कुणाच्या हातात द्यायचं: सभागृह चालवणारा ज्येष्ठ नेता की प्रश्न विचारणारा आपला खासदार?

गेल्या आठवड्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. सगळ्या विडी कामगार, बऱ्याचशा निवृत्त. बोलणं अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. संघटनांना निवेदनं लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो, म्हणून मला बोलावलं होतं. मागण्या दोनच: पेन्शन वाढवा आणि विडी कामगारांसाठीचा उपकर पुन्हा लावा, म्हणजे कल्याण निधीला पैसा येईल. मागण्यांवर सगळ्यांचं एकमत होतं. वाद होता तो निवेदन कुणाला द्यायचं यावर. एक आजी ठामपणे म्हणाल्या, "संसद जो चालवतो त्यालाच गाठू या." दुसरीचं म्हणणं, "आपल्या प्रणितीताई खासदार आहेत, त्यांना सोडून दिल्लीत कुणाच्या दारात जायचं?"

दोघींचंही चुकत नव्हतं. सोलापूरने दोन्ही प्रकारचे खासदार पाहिले आहेत, त्यामुळे तुलना करायला आपल्याला दुसऱ्या गावाकडे बघावं लागत नाही.

लोकसभेत पंतप्रधान स्वतः सदस्य असले तर तेच सभागृह नेते असतात. मनमोहन सिंग राज्यसभेचे सदस्य होते, त्यामुळे लोकसभेत ती जबाबदारी एखाद्या ज्येष्ठ मंत्र्याकडे द्यावी लागायची. आधी ती प्रणव मुखर्जींकडे होती. ते २०१२ मध्ये राष्ट्रपती झाले आणि सभागृह नेतेपद सोलापूरचे खासदार, आपल्या सुशीलकुमार शिंदेंकडे आलं. त्याच सुमारास ते गृहमंत्रीही झाले. सोलापूरच्या न्यायालयात साध्या नोकरीपासून सुरुवात केलेला माणूस लोकसभेत सरकारच्या पहिल्या बाकावर बसला, याचं अप्रूप मला आजही आहे.

पण त्या पदाच्या हातात नेमकं काय असतं? मुख्यतः वेळ. सरकारी कामकाज कोणत्या क्रमाने घ्यायचं, हे लोकसभेचे अध्यक्ष सभागृह नेत्याशी सल्लामसलत करून ठरवतात. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे, हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं. सभागृहाची गुप्त बैठक घ्यायची झाली तरी विनंती सभागृह नेत्यानेच करायची, असा नियम आहे.

या वेळेची किंमत २०१३ च्या मार्चमध्ये दिसली. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर सरकारने लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा कडक करणारा अध्यादेश ३ फेब्रुवारीला काढला होता. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नसता तर अध्यादेश आपोआप संपला असता, आणि मध्येच सुट्टी येत होती. संमतीचं वय १६ ठेवायचं की १८ यावर पक्षांत मतभेद होते. १८ मार्चला सर्वपक्षीय बैठक झाली, सरकारने १६ चा आग्रह सोडला, १९ मार्चला विधेयक लोकसभेत आणि २१ मार्चला राज्यसभेत मंजूर झालं. सभागृहात ते गृहमंत्री म्हणून शिंदेंनी नेलं. इतक्या कमी दिवसांत इतक्या पक्षांना एका मसुद्यावर आणायला सगळ्यांशी बोलणं असलेला, अनुभवी माणूसच लागतो. नवख्या खासदाराचं ते काम नाही.

ज्येष्ठता असली म्हणून सभागृह हातात राहतंच असंही नाही. १३ फेब्रुवारी २०१४ ला वेगळ्या तेलंगणा राज्याचं विधेयक मांडताना सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला गेला, खासदारांना दवाखान्यात न्यावं लागलं. १८ तारखेला ते मंजूर झालं तेव्हा थेट प्रक्षेपण बंद होतं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आता दुसरी बाजू. ही आपल्याकडे कमी बोलली जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जो मंत्री असतो, तो प्रश्न विचारत नाही. तो उत्तरं देतो. शून्य प्रहरात उठून "माझ्या मतदारसंघात" असं म्हणत नाही, लोकसभेच्या नियम ३७७ खाली आपल्या भागाचा विषय मांडत नाही. २००९ ते २०१४ या काळात सोलापूरचे खासदार शिंदे आणि माढ्याचे शरद पवार, दोघेही केंद्रात मंत्री होते. म्हणजे त्या पाच वर्षांत प्रश्नोत्तराच्या तासात या दोन जागांच्या नावाने एकही प्रश्न येऊ शकत नव्हता. त्या बदल्यात मिळालं ते वेगळ्या वाटेने. शिंदे २००६ ते २०१२ ऊर्जामंत्री होते, आणि दक्षिण सोलापुरातला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा १३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प आज उभा आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची वीजजाळी देशाच्या जाळीला जोडली गेली ती रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने. अशी कामं प्रश्न विचारून होत नाहीत, हे मान्य करायलाच हवं. तरीही २०१४ मध्ये सभागृह नेते असतानाच शिंदे इथून हरले, शरद बनसोडे निवडून आले. दिल्लीत सभागृह सांभाळणारा माणूस गल्लीतल्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावरच तोलला जातो.

आज चित्र बरोबर उलटं आहे. पंतप्रधान लोकसभेचे सदस्य आहेत, त्यामुळे सभागृह नेते तेच. संसदीय कामकाज मंत्री किरेन रिजिजू आहेत. सोलापूरच्या प्रणिती शिंदे आणि माढ्याचे धैर्यशील मोहिते पाटील, दोघेही विरोधी बाकांवर. सत्ता नाही, पण प्रश्न विचारायला दोघेही मोकळे. (बार्शीकरांनी लक्षात ठेवावं, तुमचा तालुका धाराशिव मतदारसंघात आहे. तुमचा कागद तिकडे जायला हवा.)

प्रश्न म्हणजे नुसता कागद, असं पुष्कळांना वाटतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकिताला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि वर पुरवणी प्रश्न झेलायचे. बहुतेक दिवशी तासाभरात वीसच्या वीस होतच नाहीत, म्हणून माझा सल्ला असतो की स्थानिक आकडा हवा असेल तर अतारांकित प्रश्नच मागा. उत्तर लेखी येतं आणि ते कायमचं नोंदलं जातं. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

कधी कधी उत्तर येतं: "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." हे वाचून लोक खचतात. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारतो. कारण हे वाक्य आश्वासन म्हणून धरलं जातं, तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं, त्याचा पाठपुरावा संसदीय कामकाज मंत्रालय करतं आणि वर आश्वासन समिती बसलेली असते. कामकाज सांभाळणाऱ्या मंत्र्याचा सामान्य माणसाला थेट उपयोग होतो तो इथे. एरवी त्यांचं बरंचसं काम प्रतोद, उपस्थिती आणि विरोधकांशी बोलणी यातच जातं.

मग त्या खोलीतल्या दोन मागण्या. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत (ईपीएस-९५) किमान पेन्शन कागदावर तरी १ सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. ते वाढवायला नवा कायदा लागत नाही, योजनेत बदल करणारी अधिसूचना पुरते. म्हणजे सभागृहाचा वेळ इथे अडलेला नाहीच. वेळ वाटणाऱ्या माणसाकडे जाऊन काय मागणार? अडलंय ते श्रम मंत्रालयात, पैशाच्या मंजुरीपाशी. त्याला प्रश्नच टोचतो, तोही पुन्हा पुन्हा, प्रत्येक अधिवेशनात.

उपकराचं वेगळं आहे. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये विडीवरचा उपकर कायद्यानेच रद्द झाला. तो परत आणायचा तर नवं विधेयक हवं, आणि कर लावणारं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही. ती शिफारस सरकारच्याच सल्ल्याने मिळते. म्हणजे कितीही तळमळीचा खासदार असला तरी एकट्याने ते जमणार नाही. तिथे आजींचंच बरोबर. सरकारच्या कामकाजाच्या यादीत तो विषय शिरला पाहिजे, आणि त्या दारात एका संघटनेने नाही, देशभरच्या विडी कामगार संघटनांनी मिळून जायला हवं.

आम्ही निवेदनाचे दोन कागद केले. पहिला खासदारांसाठी, त्यात प्रश्नाचा तयार मसुदा: सोलापुरात १००० रुपये किंवा त्याहून कमी पेन्शन घेणारे विडी कामगार किती, आणि ही रक्कम वाढवण्याचा प्रस्ताव आज कोणत्या टप्प्यावर आहे. दुसऱ्या कागदाचा मसुदा इतर संघटनांना पाठवायचा ठरला. आजींनी पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. नोंद १००० चीही नव्हती, त्याहून कमी होती. "हे पण लिहा," म्हणाल्या. मी पासबुकाची झेरॉक्स पहिल्या कागदाला जोडली.