अंधेरीचा सहा महिन्यांचा टीव्ही प्रॉडक्शन कोर्स: शिकवणं एक नंबर, पगाराचं मात्र कोणी सांगत नाही

कोर्स करून दोन वर्षं होत आली. रिव्ह्यू तेव्हाच लिहायचा होता, पण तेव्हा लिहिला असता तर फक्त सर छान शिकवतात आणि एसी चालतो एवढंच लिहिलं असतं. आता नोकरी करून बघितली, बॅचमधल्या बाकीच्यांचं काय झालं तेही माहितीये, म्हणून आता लिहितेय आणि जरा मोठं होणारे. इन्स्टिट्यूटचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण अंधेरीत लिंक रोडपासून वीरा देसाई रोडपर्यंत असे बरेच क्लास आहेत आणि तिथल्या ज्या ज्या मुलांशी बोलले त्यातल्या बहुतेकांनी हेच सांगितलं.

फी ८५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,००,३००. दोन हप्त्यांत घेतात. आमच्या बाबांनी ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढून भरली, त्यामुळे या एक लाखाचं काय झालं हा प्रश्न माझ्यासाठी नुसता हिशोबाचा नाहीये.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. पीसीआर, म्हणजे जिथून बुलेटिन चालवतात ती कंट्रोल रूम, शिकवणारे सर स्वतः बरीच वर्षं न्यूज चॅनेलच्या पीसीआरमधे बसलेले, त्यामुळे पुस्तकी काही नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला प्रॉम्प्टरवर, म्हणजे अँकरला समोर स्क्रिप्ट दाखवणाऱ्या मशीनवर, बसवलं. मी आपली एका स्पीडने स्क्रिप्ट सरकवत गेले आणि समोरची मुलगी धापा टाकत वाचायला लागली. सरांनी थांबवलं आणि म्हणाले, "बाळा, अँकरने प्रॉम्प्टरच्या मागे पळायचं नसतं, प्रॉम्प्टरने अँकरच्या मागे चालायचं. तिच्या ओठांकडे कान दे." हे वाक्य मला आजही रोज उपयोगी पडतं, रात्री साडेदहाच्या बुलेटिनला तर फारच. रनडाउन (बातम्यांचा क्रम) कसा लावायचा, मधेच ब्रेकिंग आलं तर कुठली स्टोरी खाली ढकलायची, बाईटचा (कोणाच्या बोलण्याच्या क्लिपचा) शेवटचा शब्द लिहून ठेवायचा म्हणजे कट नीट जातो, ॲस्टनवर (स्क्रीनवरच्या नावाच्या पट्टीवर) नाव टाकताना आडनाव तीनदा वाचायचं, हे सगळं त्यांनी हाताला धरून करून घेतलं. माझ्या ऑफिसमधे कोर्स न करता आलेली मुलं आहेत, त्यांना हे शिकायला तीन-चार महिने गेले, तेही शिव्या खात. तर शिकवण्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

कॅमेरे जुने आहेत, एडिटिंगच्या मशीन कमी आहेत, नंबर लावावा लागतो. चालतं तेवढं.

आता प्लेसमेंट. रिसेप्शनला मोठा बोर्ड आहे, त्यावर जुन्या बॅचच्या मुलांचे फोटो, खाली पोस्ट आणि शेजारी चॅनेलचा लोगो. ॲडमिशनच्या वेळी काउन्सिलर मॅडमना बाबांनी विचारलं की सुरुवातीला पगार किती मिळतो, तर त्या म्हणाल्या, "पंधरा ते पंचवीस, मुलावर डिपेंड करतं." बाबांनी मान डोलावली, मीही डोलावली. मला वाटलं हुशार मुलाला पंचवीस आणि साधारण मुलाला पंधरा. ते तसं अजिबात नाहीये, पगार मुलावर डिपेंड करतच नाही, तुम्ही कुठल्या कागदावर सही करता त्यावर करतो, आणि त्या कागदाबद्दल सहा महिन्यांत एकही लेक्चर झालं नाही. म्हणूनच हा रिव्ह्यू लिहायला बसले.

मला हे कळलं तो दिवस सांगते. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल होता. २८८ जागा, सकाळी आठला मतमोजणी सुरू, म्हणजे आम्ही पहाटे चारपासून ऑफिसमधे, आणि मी घरी निघाले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बॅचमधले आम्ही सगळे त्या दिवशी कुठे ना कुठे असंच राबत होतो, आणि पुढच्या रविवारी सहा जण अंधेरी स्टेशनजवळच्या उडप्याकडे भेटलो. वसईचा जो मुलगा आहे तो एका चॅनेलला टिकर (खाली सरकणारी बातम्यांची पट्टी) आणि ग्राफिक्सला बसतो. तो सहज म्हणाला, "मला त्या दिवसाचे एक्स्ट्रा शिफ्टचे सहाशे आले." मी म्हटलं कसले एक्स्ट्रा, मला तर काहीच नाही आलं. मुलुंडची मैत्रीण म्हणाली मला पैसे नाही पण कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, मिळाला. मग सगळ्यांनी मोबाइल काढले, कोणी सॅलरी स्लिप, कोणी बँकेचा मेसेज, आणि इडली थंड होईपर्यंत आम्ही नुसते आकडे वाचत होतो.

मुलुंडची मैत्रीण ऑन रोल, म्हणजे थेट कंपनीची कर्मचारी आहे. ऑफर लेटरवर सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २०,०००. माझंही २०,००० च, पोस्टही तीच, प्रॉडक्शन असिस्टंट, फक्त मी कन्सल्टंट, म्हणजे करारावर. माझ्या खात्यात १८,००० येतात कारण १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापतात. तिच्या खात्यात किती, तर १६,४००. ती तिथेच रडवेली झाली, म्हणाली मी काय मूर्ख आहे का ऑन रोलच्या मागे लागले. मलाही तेव्हा वाटलं की मीच जिंकले. नंतर शेजारचे काका, जे टॅक्सचं काम करतात, त्यांनी दोघींचे कागद समोर ठेवून समजावलं. तिच्या सीटीसीमधे बेसिक १०,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १,२००, ग्रॅच्युइटी ४८१, ईएसआयचा (सरकारी आरोग्य विम्याचा) कंपनीचा वाटा ५७७, हे सगळं त्या वीसमधूनच वजा झालं आणि हातात यायच्या आधी ग्रॉस १७,७४२ उरलं. मग तिचा स्वतःचा पीएफ १,२०० आणि ईएसआयचे १३४ गेले. प्रोफेशनल टॅक्स तिला नाही कारण महाराष्ट्रात बाईमाणसाला २५,००० पर्यंत माफ आहे, तिच्याच डेस्कवरच्या मुलाचे मात्र महिन्याला २०० जातात, फेब्रुवारीत ३००, म्हणजे एकाच ऑफरवर दोघांच्या खात्यात वेगळा आकडा. पण तिचे आणि कंपनीचे मिळून २,४०० दर महिन्याला तिच्याच नावावर पीएफ आणि पेन्शनमधे जातायत. आणि मार्चमधे तिच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन मुलुंडच्या ईएसआय हॉस्पिटलमधे झालं, औषधासकट खर्च नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मला डेंगू झाला, सहा दिवस ॲडमिट, बिल बाबांनी भरलं आणि वर सहा दिवसांचे ६६७ प्रमाणे ४,००० पगारातून गेले, कारण कन्सल्टंटला रजा नसते.

टीडीएसचं पण कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ते पैसे गेले. काकांनी आयटीआर ४ (इन्कम टॅक्स रिटर्नचा फॉर्म) भरून दिला, माझं उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेच्या खूपच खाली, त्यामुळे नऊ महिन्यांत कापलेले १८,००० परत आले. माझ्या ऑफिसमधे तीन वर्षांपासून कन्सल्टंट असलेला एक दादा आहे त्याने एकदाही रिटर्न भरला नव्हता. विचार करा किती गेले असतील.

वसईचा मुलगा चॅनेलमधे बसतो पण चॅनेलचा नाही, वेंडरचा. आयकार्ड चॅनेलचं, पगार मॅनपॉवर एजन्सीकडून, ग्रॉस १५,५००. आम्हा तिघांत सगळ्यात कमी आकडा त्याचा पण पीएफ आहे, ईएसआय आहे, आणि एक्स्ट्रा शिफ्टचे पैसे मिळतात. ते सहाशे म्हणजे १५,५०० भागिले २६, एक दिवसाचा पगार. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो हे आम्हाला त्या टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय मुलींना रात्री ऑफिसची गाडी सोडते, मला डोंबिवलीपर्यंत ड्रॉप मिळतो, त्याला नाही. त्याची शिफ्ट रात्री दोनला संपते, मग तो एडिट रूममधे दोन खुर्च्या जोडून झोपतो आणि पहाटेच्या पहिल्या लोकलने वसईला जातो. हे दोन तास कुठल्याच स्लिपवर दिसत नाहीत.

कागदावर सगळ्यात जास्त कमावणारा आमच्यातला जो सीरियलला असिस्टंट डायरेक्टर लागला तो. दिवसाला ९००, शिफ्ट बारा तासांची, महिन्याला २६ दिवस भरले तर २३,४००. बोर्डावर याचाच फोटो सगळ्यात वर लावलाय. पण सीरियलच्या लाइनीत पेमेंट नव्वद दिवसांनी, हे त्याला सेटवर गेल्यावर स्पॉटदादाने सांगितलं. जुलैत काम सुरू केलं, पहिला पैसा ऑक्टोबरमधे, तोपर्यंत गोरेगावचं पीजीचं भाडं गावाहून आईने पाठवलं. आणि सीरियलच्या कथेचा ट्रॅक बदलला की कधी महिन्यात अकराच दिवस शूट, म्हणजे ९,९००. वाईट काम नाहीये, तो खूप शिकला, पण तीन महिने बिनपैशाचे काढायची सोय असलेलाच मुलगा तिथे टिकतो.

उरलेल्या दोघांपैकी एकीचा आवाज फार गोड आहे, ती चर्चगेटला आकाशवाणीत कॅज्युअल म्हणून जाते, ड्युटीप्रमाणे पैसे आणि ड्युट्या मोजक्या, त्यामुळे सोबत ट्यूशन घेते. दुसरा एका यूट्यूब चॅनेलला, १२,००० स्टायपेंड, स्लिप नाही, लेटर नाही, तारीख नाही.

म्हणजे पंधरा ते पंचवीस हे मॅडमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, फक्त त्याचा अर्थ सांगितला नाही. सहा जणांत मेहनतीचा फरक नव्हता. मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं की आम्हाला पत्रकारितेच्या कायद्यांवर दोन लेक्चर्स होती, त्यात पत्रकारांचे पगार ठरवणारा मजीठिया वेज बोर्ड आला, ११ नोव्हेंबर २०११ चं नोटिफिकेशन, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल, सगळं वहीत उतरवून घेतलं. पण तो वेज बोर्ड पेपर आणि न्यूज एजन्सीवाल्यांसाठी आहे, टीव्हीत जाणाऱ्याला त्यातला एक रुपया लागू नाही, हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागला असता? नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) आले, त्यात वर्किंग जर्नलिस्टच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल मीडिया घेतलाय आणि कामगाराला अपॉइंटमेंट लेटर द्यायलाच हवं असंही आहे. आताच्या बॅचला तरी हे शिकवा.

तर ज्यांना ॲडमिशन घ्यायचीय त्यांना सांगते, कोर्स करा, पीसीआरचे सर अजून असतील तर नक्की करा. पण फी भरायच्या आधी प्लेसमेंटवाल्यांना विचारा की बोर्डावरच्या या मुलांमधे ऑन रोल किती, कन्सल्टंट किती, वेंडरवर किती, आणि यातले वर्षभराने त्याच लाइनीत किती आहेत. आणि इंटरव्ह्यूला गेलात की पगार किती हे विचाराच पण त्याच्या आधी विचारा, पीएफ कटणार की टीडीएस कटणार? या एका प्रश्नात सगळं बाहेर येतं. पैसे महिन्याच्या कितव्या तारखेला, रजा आहे का, रात्रीचा ड्रॉप आहे का, हे त्यानंतर. लाजू नका, एचआरला या प्रश्नांची सवय असते, लाजतो आपणच.

पाचपैकी तीन स्टार. शिकवण्याचे तीन, प्लेसमेंटचे काहीच नाही.

मागच्या महिन्यात मी प्लेसमेंट मॅडमना फोन केला होता, म्हटलं बोर्डावर फोटोखाली एवढंच लिहा की ऑन रोल का कन्सल्टंट, आकडा नका टाकू हवं तर. त्या नीट बोलल्या, सरांना विचारते म्हणाल्या. परवा आताच्या बॅचमधल्या एका मुलीने बोर्डाचा फोटो पाठवला, अजून तसाच आहे. पण तिचा लोअर परळला इंटरव्ह्यू होता आणि तिने तो पीएफ-टीडीएसचा प्रश्न विचारला. एचआरच्या ताईंनी सरळ सांगितलं, पहिलं वर्ष कन्सल्टंट, नंतर बघू. हिने विचारलं, मग आजारी पडले तर? त्या म्हणाल्या, महिन्याला एक पेड लीव्ह लेटरमधे लिहून देता येईल, आतापर्यंत कोणी मागितली नव्हती.