क्लच बदलला, गिअरबॉक्सचं तेल गेलं आणि गॅरेजवाले गाडीखाली बघायलाच तयार नाहीत

दोन स्टार देतोय. एक तिथल्या मिस्त्रीसाठी आणि एक शेवटी काम परत फुकट करून दिलं म्हणून. काउंटरवरच्या वागणुकीला काहीच नाही. गॅरेजचं नाव टाकत नाहीये कारण विषय अजून पूर्ण मिटलेला नाही, पण दुसऱ्या कुठल्या गॅरेजमध्ये कुणाचं असं झालं तर कामाला येईल म्हणून सगळं लिहितोय.

गाडी क्लचसाठी दिली होती. क्लच घसरत होता, चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची ओढायची नाही, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकायचं ठरलं. आता फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्लचपर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकं फिरवणारे दांडे) बाहेर ओढावे लागतात आणि शाफ्ट निघाले की तिथून तेल बाहेर येतं म्हणून ते आधीच काढून घेतात. हे एवढं सांगतोय कारण पुढचं सगळं भांडण ह्याच्यावरच आहे.

गाडी वेळेत मिळाली, क्लच हलका झाला, पिकअप परत आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण थोड्याच दिवसात आवाज सुरू झाला. गाडी न्यूट्रलला उभी असली की बारीक घरघर आणि क्लच पूर्ण दाबला की आवाज गायब. फोन केला तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "रिलीज बेअरिंग नवीन आहे, सेट होईल, बिनधास्त चालवा." नवीन क्लच बसायला काहीशे किलोमीटर जातात हे खरंच आहे, पण रिलीज बेअरिंगचा आवाज क्लच दाबल्यावर येतो किंवा वाढतो, कारण त्यावर दाब तेव्हाच पडतो. माझ्याकडे नेमकं उलटं होत होतं. क्लच दाबल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद आत घेणारा दांडा) फिरायचा थांबतो, म्हणजे दाबल्यावर जो आवाज बंद होतो तो बहुतेक गिअरबॉक्सच्या आतून येतोय. हे मी फोनवर शांतपणे सांगितलं, त्यावर "तुम्ही चालवा हो, काही होत नाही" एवढंच उत्तर.

मग पार्किंगमध्ये डाग दिसला. एक मोठा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली सरकवून ठेवला आणि चाकांच्या जागा पेनाने खुणा करून घेतल्या, म्हणजे थेंब नेमका कुठून पडतोय ते कळतं. सकाळी बघितलं तर डाग डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो बरोबर तिथे. जाडसर, मधासारखं तेल आणि गिअर ऑइलला येतो तो गंधकासारखा उग्र वास. इंजिन ऑइल वापरून काळं झालेलं असतं, हे तसं नव्हतंच.

पुठ्ठ्याचे फोटो, ओडोमीटरचा फोटो, बिल असं सगळं घेऊन गेलो. तिथे ऐकायला काय मिळालं तर "जुनी गाडी आहे, सील कधीही जाऊ शकतं, आमच्या कामाचा संबंध नाही." सील म्हणजे शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे तेल अडवणारी रबरी कडी. मी म्हटलं ठीक आहे, नसेल संबंध, गाडी लिफ्टवर घ्या आणि माझ्यासमोर बघा. तर लिफ्ट रिकामी नाही, मिस्त्री सुट्टीवर आहे, मालक नाहीत, नंतर या. असं कितीतरी वेळा. माझा खरा राग ह्याच गोष्टीचा आहे. शाफ्ट बसवताना सील दुखावणं हे चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही होतं, काम करणाऱ्याच्याच हातून चूक होते, त्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. पण अर्ध्या तासात डोळ्यांनी बघून मिटणारी गोष्ट हे लोक बघायलाच तयार नव्हते आणि तोपर्यंत तेल गळतच होतं. बहुतेक मॅन्युअल गाड्यांत गिअर ऑइल कमी झाल्याचा दिवा नसतो, इंजिनसारखी डिपस्टिकही नसते. लहान गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं साधारण 2 लिटरच्या आसपास, त्यातलं गेलं किती हे चालवणाऱ्याला कळायला मार्गच नाही. म्हणून मी गाडी चालवणंच बंद केलं आणि तुमचं असं झालं तर तुम्हीपण आधी तेच करा, कारण नंतर "गळतंय माहीत असून चालवली" हा मुद्दा तुमच्यावरच फिरवतात.

आणि सील जुनंच होतं असं धरलं तरी त्यांचं म्हणणं टिकत नाही. रबर जुनं झालं की कडक होतं, शाफ्ट एकदा हलवला की धरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. शाफ्ट बाहेर आलेलेच आहेत तर सील बदलून घेऊ का एवढं विचारायला हवं होतं, क्लचच्या कामापुढे सीलची किंमत ती काय. दुसरं म्हणजे बिलात क्लच सेट आहे, लेबर आहे, पण गिअर ऑइलची ओळच नाही. विचारलं तर म्हणाले जुनंच तेल परत भरलं. बरं, पण लेव्हल प्लग (गिअरबॉक्सला तेलाची पातळी बघायला असलेला बोल्ट) उघडून गाडी सपाट जागेवर असताना तेल भोकाच्या कडेपर्यंत आलंय का हे कुणी बघितलं, तर त्याला उत्तर नाही.

शेवटी गाडी टो करून दुसऱ्या गॅरेजला नेली, फक्त तपासायला. लेव्हल प्लग सोडून काहीही खोलू नका, हात लावू नका, बघा आणि लिहून द्या असं आधीच सांगितलं, कारण दुसऱ्याने एकदा नट फिरवला की पहिला म्हणतो आता आमची जबाबदारी नाही. त्यांनी लेव्हल तपासली, बोट आत घालूनही तेल लागेना. लिकेजच्या जागेचे फोटो काढले आणि लेटरहेडवर तारीख आणि किलोमीटर टाकून लिहून दिलं. ते पहिल्या गॅरेजला मेल केलं, सोबत बिल, फोटो, आधीच्या फोनच्या तारखा आणि मला काय हवंय ते स्पष्ट: सील बदला, नवीन तेल भरा, लेबर लावू नका, गाडी न्यायचा खर्च तुमचा आणि तेल कमी पडून गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग खराब झालं असेल तर त्याची जबाबदारी लेखी घ्या. त्यात एकही वाईट शब्द नव्हता. तोंडी इतके दिवस जे हललं नव्हतं ते ह्या मेलने हललं, स्वतः मालकांचा फोन आला.

गाडी लिफ्टवर गेली तेव्हा मी खाली उभा होतो. मिस्त्रीने शाफ्ट ओढला, सील काढलं, पुसलं आणि न बोलता माझ्या हातात दिलं. सीलच्या आतल्या रबरी ओठाला एक तिरका काप होता, नखात अडकेल एवढा, आणि ओठाच्या मागे जी केसासारखी बारीक गोल स्प्रिंग असते ती जागेवरून निसटून बाहेर लोंबत होती. शाफ्टच्या टोकाला दाते असतात, शाफ्ट सरळ न धरता आत ढकलला की ते ओठावर घासतात. तो म्हणाला, "दादा, हे बसवतानाच लागलंय, जुनं झालं म्हणून असं होत नाही." सुपरवायझर शेजारी उभा असताना म्हणाला. त्याचा एक स्टार ह्या वाक्याचा आहे, आणि त्याला ह्यावरून कुणी त्रास देऊ नये असं मी मालकांना वेगळं सांगितलंय.

दोन्ही बाजूंची सीलं नवीन टाकली, नवीन तेल भरलं, लेव्हल मला दाखवली. तेलाचे पैसे मागत होते, दिले नाहीत, त्यांनीही मग ताणलं नाही. टो केल्याचे पैसे मात्र अर्धेच दिले. जुनी सीलं मी मागून घेतली, पिशवीत ठेवली आहेत.

लिकेज थांबलंय. घरघर कमी झालीये पण गेलेली नाही, सकाळी गाडी थंड असताना ऐकू येते. बेअरिंगबद्दल त्यांनी जॉब कार्डवर लिहून दिलंय की वर्षभरात आवाज वाढला तर गिअरबॉक्स त्यांच्या खर्चाने खोलतील, खाली मालकांची सही आहे. खोलायची वेळ आली तर शब्द पाळतात की नाही ते इथेच लिहीन आणि पाळला तर स्टारही वाढवीन.