मनगटी पट्ट्याचा रिलीज की मुठीतला? चोपड्याच्या उन्हात आणि कापसात दोन्ही वापरून

रिलीज म्हणजे धनुष्याची दोरी बोटांऐवजी हुकात धरून ठेवणारं आणि हवं तेव्हा सोडणारं छोटं यंत्र. एक मनगटाला पट्ट्याने बांधतात, दुसरा मुठीत धरतात. तो घ्यायचा म्हणून इंटरनेटवर वाचायला बसलं की बहुतेक लिहिणारे अमेरिकेतले शिकारी निघतात. थंडीत झाडाला मचाण बांधून तासन्‌तास बसायचं, हरीण 20-30 यार्डांवर आलं की एकच बाण सोडायचा, हातात जाड मोजे. अशा माणसाला मनगटी पट्ट्याचा रिलीजच सोयीचा. तो हाताला बांधलेलाच असतो, मचाणावरून खाली पडत नाही, आणि नजर जनावरावरून न हलवता नुसत्या स्पर्शाने डी-लूपला (दोरीवरच्या छोट्या फासाला) अडकवता येतो. त्यांचा सल्ला त्यांच्या कामापुरता चोख आहे. पण आपण बाण मारणार तो 50 मीटरवरच्या 80 सेंटिमीटरच्या कागदावर, एका बैठकीत बहात्तर वेळा, तेही एप्रिलच्या उन्हात. तिथे त्यांची अर्धी कारणं गळून पडतात आणि ज्यांच्याबद्दल ते बोलतच नाहीत अशा दोन-तीन गोष्टी डोक्याला ताप होतात. म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बांधावर धनुष्य दिसलं की शेजारचे आप्पा हटकून विचारतात, "हाई काय शे रे भो, डुक्कर मरी का येनाघाई?" मरेल, आप्पा, पण मारायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. रानडुकरांनी मका लोळवला किंवा रोह्यांनी हरभरा खाल्ला तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागायची. त्यात कागदपत्रांचा काय वैताग असतो तो वेगळा विषय, पण त्यावरचा उपाय धनुष्य नव्हे.

माझं धनुष्य कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेलं, 50 पौंडांचं, लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर ताणात होणारी घट) 80 टक्के. म्हणजे ओढताना मधे साडेबावीस किलोच्या आसपास ताण येतो आणि पूर्ण ओढून झाल्यावर हातात साधारण साडेचार किलो उरतो. हे आकडे सांगायचं कारण, दोन रिलीजमधला पहिला खरा फरक हाच ताण कुठे जातो हा आहे. मनगटी पट्ट्यात तो मनगटाच्या हाडांवर आणि पुढच्या हातावर जातो, बोटं मोकळी राहतात. मुठीतल्या रिलीजमध्ये तोच ताण तीन किंवा चार बोटांच्या पेरांवर येतो. पहिल्या आठवड्यात बोटं दुखतात, मधल्या बोटाला घट्टा पडतो. ज्याला कोयता-विळ्याची सवय आहे त्याला ते जाणवणारही नाही. ऑफिसात बसणाऱ्याला जाणवेल आणि तो म्हणेल हा रिलीज वाईट आहे. थोडा धीर धरावा.

सुरुवातीचे सगळे महिने मी मनगटी पट्टाच वापरला. दोन प्रकार मिळतात, वेल्क्रोचा आणि बक्कलचा. शिकारी लोक वेल्क्रो टाळतात तो चर्रर्र आवाजासाठी, हरीण पळतं म्हणून. आपल्याकडे वेल्क्रो टाळायचं कारण कापूस. वेचणीच्या दिवसांत हवेतच तंतू असतात, अंगावर असतात, दप्तरात असतात. एकदा ते वेल्क्रोच्या दातांत बसले की सुईने उपसूनही निघत नाहीत, आणि दिवाळीनंतर पट्टा धरेनासा होतो. ओढतानाच मनगटावरून सरकायला लागतो. दुसरं म्हणजे वेल्क्रो रोज थोडा वेगळा आवळला जातो. आज पट्टा अर्धा सेंटिमीटर पुढे, उद्या मागे. तेवढ्याने ट्रिगर बोटाच्या वेगळ्याच जागी येतो, ओढून झाल्यावर जबड्याला टेकवायचा हात वेगळा लागतो, आणि बाण उजवीकडे-डावीकडे का जातायत याचा शोध माणूस धनुष्यात घेत बसतो. बक्कलला भोकं असतात. रोज तेच भोक, विषय संपला. पट्टा घ्यायचाच तर बक्कलचाच घ्या, यावर मी वाद घालणार नाही.

बक्कलच्या पट्ट्यालाही आपलं हवामान सोडत नाही. चामड्याचा पट्टा मे महिन्यात घाम पिऊन कडक होतो, आणि पावसाळ्यात कपाटात ठेवला की त्यावर पांढरी बुरशी येते. नायलॉनचा धुता येतो. केळीच्या बागेत काम करून तसाच सरावाला येणारा असाल तर हात आधी धुवा, कारण चीक पट्ट्याला लागला की काळा डाग कायमचा. माझा पट्टा मुळात खाकी होता हे आता सांगावं लागतं.

पण मनगटी रिलीजची खरी गोम पट्ट्यात नाही, पट्टा आणि ट्रिगर यांच्यामधल्या दांडीत आहे. बहुतेक ही दांडी लांब ठेवून विकतात, आणि पोरं बोटाच्या टोकाने ट्रिगर दाबतात. मोबाइलवर टिचकी मारावी तशी. कागदाच्या मधल्या सोनेरी वर्तुळात पिन (साइटमधलं नेम धरायचं टोक) आली की टिचकी, आणि त्या टिचकीच्या धक्क्यात पिन हललेली असते. काही महिन्यांत असं होतं की पिन मधोमध स्थिरच होत नाही, कडेला असतानाच बोट झटकतं. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि ते भल्याभल्यांना होतं. उपाय असा की दांडी आखूड करायची, तर्जनीचं पहिलं पेर पूर्ण ट्रिगरभोवती वळेल इतकी, ट्रिगर जरा जड लावायचा, आणि बोट वळवून ठेवून पाठीच्या स्नायूंनी कोपर मागे न्यायचं. बाण सुटला की आपल्यालाच किंचित दचकायला झालं पाहिजे. दांडीची लांबी बदलता येत नसेल तो रिलीज फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता मुठीतला. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 मारले आणि साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हापासून आपल्याकडे कंपाऊंडचं वेड वाढलं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे, त्यामुळे ते ओसरेल असं दिसत नाही. त्या पातळीवर टार्गेटच्या मैदानात सर्रास मुठीतलाच रिलीज दिसतो. ते बघून लोक थेट तोच मागवतात. मीही अंगठ्याच्या बटणाचा घेतला, तीन बोटांचा, अ‍ॅल्युमिनियमचा.

फरक पहिल्याच दिवशी कळला, आणि तो बटणाचा नव्हता, जबड्याचा होता. मनगटी रिलीजमध्ये हात कानामागे कुठेतरी जातो. तळहात जबड्याला टेकतो खरा, पण नक्की कुठे, ते मांसावर मांस असल्यामुळे दर वेळी सांगता येत नाही. मुठीतल्या रिलीजमध्ये हात उताणा फिरतो आणि तर्जनी व मधल्या बोटाच्या गाठींमधल्या खाचेत जबड्याचं हाड बसतं. हाडावर हाड. डोळे मिटून ओढलं तरी तिथेच येतं. माझे डावी-उजवीकडचे बाण आवळले गेले ते यामुळे, बटण भारी आहे म्हणून नव्हे. त्यामुळे कोणी विचारलं तर मी ट्रिगरबद्दल बोलतच नाही, आधी दोन्ही रिलीज हातात देऊन जबड्याला लावून बघायला सांगतो. ज्याचा जबडा गोल आहे, दाढी दाट आहे किंवा मान आखूड आहे, त्याला मुठीतल्याचा फायदा जास्त होतो असं माझ्या पाहण्यात आहे. निमुळत्या चेहऱ्याच्या एका पोराला मात्र मनगटी रिलीजमध्येच पहिल्या बोटाचं मूळ कानाच्या पाळीखाली असं काही चपखल बसतं की त्याला बदलायला सांगायचं धाडस मी केलं नाही.

याची एक किंमत आहे. हाताची जागा बदलली की ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) बदलते आणि पीप (दोरीत बसवलेलं, नेम धरताना ज्यातून बघतात ते भोक) डोळ्यासमोर येत नाही. मला कॅमच्या मॉड्यूलमध्ये (ड्रॉ लेंग्थ ठरवणाऱ्या भागात) अर्ध्या इंचाचा फरक करावा लागला, पीप हलवावा लागला आणि मग साइटची सगळी अंतरं पुन्हा लावावी लागली. स्पर्धा तोंडावर असताना रिलीज बदलू नका हे याच्यासाठी. आणि काहीही लावून बघताना बाण चढवल्याशिवाय धनुष्य ओढू नका. रिकामी दोरी सुटली तर लिंब (धनुष्याचे वाकणारे दोन बाहू) तडकू शकतात. जबड्याची जागा बघायला दोरीचं एक वेटोळं करून त्याला रिलीज अडकवायचा आणि दुसऱ्या हाताने ताणायचा, पहिले काही दिवस एवढंच पुरे. अंगठ्याच्या रिलीजमध्ये ओढताना अंगठा बटणावर नको, त्याच्या मागे खुंटीला किंवा तर्जनीवर दाबून ठेवायचा. ओढता ओढता सुटला तर स्वतःचीच मूठ तोंडावर येते, ओठ फुटलेला माणूस मी पाहिलाय.

सरावाला सातपुड्यातल्या धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा येतो. घरी वडिलांचा बांबूचा कामठा, म्हणजे धनुष्य, दोरीही बांबूच्याच कामटीची. त्याला मी अंगठ्याचा रिलीज दिला तर हातात घेऊन हसला. म्हणाला, "दादा, आमच्यात अंगठा लावतच नाहीत." पहिल्या दोन बोटांत बाण धरून ओढायची त्यांची रीत. एकलव्यानं अंगठा दिला, तो आम्ही परत घेत नाही, असं तिकडे सांगतात. मग त्याला मनगटी दिला, तर्जनीचा. त्याने तो टिचकी न मारता पहिल्या दिवसापासून पाठीनेच ओढला, कारण कामठ्यावर पाठीशिवाय चालतच नाही. त्याला शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं उरलं नाही, फक्त पीपमधून बघायची सवय लावली.

हिंज नावाचा तिसरा प्रकार आहे, ज्याला बटणच नसतं. मूठ किंचित फिरली की हुक सुटतो. टिचकीची खोड मोडायला तो औषध म्हणून चांगला. मी उसना घेऊन वापरला, गवताच्या गठ्ठ्यांवर अगदी जवळून, कागद न लावता. पण नव्या माणसाने एकट्याने शेतात त्याचा प्रयोग करू नये.

मुठीतल्या रिलीजच्या कटकटी बाकी साध्या आहेत, पण रोजच्या आहेत. दर बाणाआधी तो कॉक करावा, म्हणजे हुक परत जागेवर अडकवावा लागतो, विसरलं तर हुक धरतच नाही. बाण काढायला गेलं की तो खिशात टाकावा लागतो. मनगटीवाल्यांचा लोंबकळत राहतो आणि कार्बनच्या बाणांवर टकटक आपटतो, ते मला जास्त खटकतं. काळ्या रंगाचा रिलीज घेऊ नका. आपल्या काळ्या मातीत, नांगरटीच्या ढेकळांत तो पडला तर सापडायला अर्धा दिवस जाईल. लाल-निळा घ्या, नाहीतर लाल करदोडा बांधा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत गाडीच्या काचेजवळ ठेवलेला रिलीज तळहाताला चटका देतो, पितळेचा असेल तर जास्तच. ओल्या फडक्यात गुंडाळून क्विव्हरच्या (बाणांच्या भात्याच्या) कप्प्यात ठेवा. पितळेचं वजन हाताला स्थिर वाटतं हे खरं, पण आमच्या उन्हाळ्यात मला अ‍ॅल्युमिनियमच परवडला.

आणि तेल टाकू नका, कुठल्याच रिलीजमध्ये. वैशाखातल्या वावटळीची बारीक धूळ तेलावर बसते, तिची लेई होते आणि ट्रिगर कधी हलका, कधी जड होतो. मी मऊ ब्रशने झाडतो, लायटरच्या पेट्रोलने धुतो, सुकवतो आणि ग्रॅफाइटची चिमूटभर पूड टाकतो. कापसाच्या मोसमात हे महिन्यातून दोनदा.

पैशांचं म्हणाल तर बक्कलचा बरा मनगटी रिलीज तीन-चार हजारांपासून मिळतो. नावाजलेल्या परदेशी कंपनीचा मुठीतला आयात करून वीस हजारांच्या पुढे जातो. मधल्या किमतीच्या नकला मिळतात, दिसायला हुबेहूब. माझ्या ओळखीत अशा एकाचा हुक ओढताना आपोआप सुटायचा, विक्रेत्याने परत घ्यायला टाळाटाळ केली. मुठीतल्या रिलीजमध्ये पैसे वाचवायचे असतील तर नकलेपेक्षा चांगल्या कंपनीचा वापरलेला घ्यावा. नवीन शिकणाऱ्याला, विशेषतः एकच रिलीज तीन पोरांत फिरणार असेल तर, मनगटीच घ्यावा. पट्टा कुठल्याही मनगटाला आवळता येतो, पण मुठीतल्याचे लहान, मध्यम, मोठे असे माप असतात आणि चुकीच्या मापात करंगळी बाहेर लोंबते. माझा जुना खाकी, म्हणजे आताचा काळा, पट्टा असाच पुतण्याकडे गेला आहे.

वापरलेला घेताना चार गोष्टी हातानेच बघा. हुकाच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. खाच लागली तर तो दर आठवड्याला डी-लूप कातरणार. ट्रिगर सावकाश दाबा, मधे खरखर जाणवली तर आत धूळ किंवा झिजलेली पिन आहे. ताण कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू फिरतो का ते बघा, बऱ्याचदा कोणीतरी चुकीच्या पान्याने त्याचं डोकं गोल करून ठेवलेलं असतं. आणि तो पाना सोबत मागून घ्या. इंचाच्या मापाचा असतो, चोपड्यात काय, जळगावातही पटकन मिळत नाही.