स्पायडर आरटी : पन्नास हजार मैलांनंतर गाडी बदलावी का?

कॅन-ॲम स्पायडर आरटी ही २०१६ ची तीनचाकी मोटरसायकल मी २०१८ साली वापरलेली विकत घेतली आणि आता तिने पन्नास हजार मैलांचा टप्पा ओलांडला आहे. २०२५ चे नवे मॉडेल आल्यापासून ती बदलावी का, हा विषय घरात घोळतो आहे. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातील काही मराठी परिचितांनीही, त्यातही गुडघेदुखीमुळे जड दुचाकी सोडावी लागलेल्यांनी, हाच प्रश्न वारंवार विचारला. माझे मत आधीच सांगतो: केवळ भरवशाच्या कारणासाठी ही गाडी बदलण्याची गरज नाही, कारण नव्या गाडीतही इंजिन तेच आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. पुढे दोन चाके, मागे एक, म्हणजे सरळ सांगायचे तर उलटी रिक्षा. आमच्या मित्रमंडळींत तिला दुसरे नाव नाही. कॅनडातील क्युबेकमधील व्हॅल्कोर येथील बीआरपी या कॅन-ॲमच्या मालक कंपनीने ही स्पायडर मालिका २००७ मध्ये बाजारात आणली. सुरुवातीच्या गाड्यांत रोटॅक्सचे ९९८ सीसीचे व्ही-ट्विन इंजिन होते. आरटी या लांब प्रवासाच्या मॉडेलला २०१४ पासून १३३० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मिळाले, ज्याची ताकद ११५ हॉर्सपॉवर आहे. हातात ब्रेकचा लिव्हर नाही, एकाच पायाच्या पेडलने तिन्ही चाकांचे ब्रेक लागतात. गाडी झुकत नाही, त्यामुळे वळणावर हँडल खरोखर वळवावे लागते आणि शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते. कोल्हापूर-पुणे रस्त्यावर बुलेट चालवत वाढलेल्या माणसाला जुनी सवय मोडायला वेळ लागतो, आणि तोवर उजव्या हाताची बोटे नसलेला ब्रेक शोधत राहतात.

आता टिकाऊपणाकडे येतो. इंजिनाबद्दल तक्रार करण्यासारखे मला काहीही सापडलेले नाही. ऑइल बदलण्याचे अंतर ९,३०० मैल किंवा एक वर्ष असे दिलेले आहे. मी वर्षाचा हिशेब धरतो. सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स याच ऑइलवर चालतो आणि त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेला स्वतंत्र फिल्टर आहे, त्यामुळे दोन्ही फिल्टर एकाच वेळी बदलावे लागतात. काम अवघड नाही, पण तिथवर पोहोचण्यासाठी प्लास्टिकची इतकी पॅनेल काढावी लागतात की खरा वेळ त्यातच जातो. अंगठ्याने वरचा गिअर टाकायचा, तर्जनीने खालचा. वेग कमी झाला की गाडी स्वतःच खालच्या गिअरवर येते. इतक्या वर्षांत या यंत्रणेने कधी अडवणूक केलेली नाही.

ऑइलची पातळी मात्र इंजिन पूर्ण गरम असतानाच मोजावी लागते आणि हीच गोष्ट पुष्कळ ठिकाणी चुकते. एका वर्षी वेळ नव्हता म्हणून सर्व्हिसिंग एका दुकानात करून घेतले. तिथे थंड इंजिनावर डिपस्टिक पाहून ऑइल वर भरले गेले, आणि जास्तीचे ऑइल इंजिनाला हवा पुरवणाऱ्या एअर बॉक्समध्ये जाऊन तिथला फिल्टर भिजला. दुकानदाराने ते मान्य केले नाही. दुरुस्ती दुसऱ्या एका स्वतंत्र मेकॅनिकने केली आणि तेव्हापासून गाडी त्याच्याकडेच जाते. माझ्या मते गाडी किती जुनी झाली यापेक्षा तिला हात लावणारा माणूस तिला ओळखतो का, हे अधिक महत्त्वाचे आहे. जवळपास असा माणूस नसेल, तर नवी गाडी घेऊनही तुमचा त्रास कमी होणार नाही.

खर्च येतो तो रबराचा. मागचा टायर रुंद आणि जवळपास सपाट असल्यामुळे मधोमध लवकर झिजतो; पुढचे दोन त्या मानाने पुष्कळ टिकतात, पण पुढच्या चाकांची अलाइनमेंट बिघडलेली असेल तर त्यांच्याही आतल्या कडा खाल्ल्या जातात. वापरलेली स्पायडर घेणाऱ्याने लेझरने अलाइनमेंट तपासून घेण्यावर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मी ते करून घेतल्यावर हायवेवर सतत करावी लागणारी हँडलची बारीक दुरुस्ती जवळजवळ थांबली, आणि पूर्वी ज्याला मी वाऱ्याचा परिणाम समजत होतो तो प्रत्यक्षात अलाइनमेंटचा होता हे कळले. पुढच्या टायरांत हवा कारच्या मानाने बरीच कमी, १५ ते २० पीएसआय इतकीच ठेवायची असते. पेट्रोल पंपावरचा सवयीचा आकडा इथे चालत नाही.

साठ ते सत्तर मैलांच्या वेगात मागचे चाक फिरवणारा ड्राइव्ह बेल्ट थरथरतो आणि ते फूटरेस्टमधून पायांना जाणवते, हा या गाडीचा जुना, सर्वज्ञात स्वभाव आहे. बाजारात मिळणारा छोटा रोलर लावला की तो बराच शांत होतो. मात्र १३३० इंजिनाच्या गाड्यांविषयी मालकांमध्ये ज्याची सर्वांत जास्त चर्चा असते ती गोष्ट म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या पुढच्या पुलीजवळ (दातेरी चाकाजवळ) दिसणारी विटकरी भुकटी. शाफ्टचे (पुली ज्या दांड्यावर बसते त्याचे) दाते आणि पुलीचे दाते यांच्यात किंचित सैलपणा आला की धातू एकमेकांवर घासतो, त्याची अतिशय बारीक पूड होते आणि ती गंजते. तीच ही भुकटी. ती वेळेवर दिसली तर पुली काढून, साफ करून, मॉलिब्डेनमची पेस्ट लावून बोल्ट ठरलेल्या टॉर्कने घट्ट करता येतो. दुर्लक्ष झाले तर दाते झिजत जातात आणि मग प्रकरण पुलीपुरते राहत नाही, शाफ्टपर्यंत जाते. माझ्या गाडीत ती अजून दिसलेली नाही, तरी टॉर्च घेऊन खाली वाकून पाहणे मी प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी करतो, आणि वापरलेली गाडी पाहायला जाणाऱ्यानेही सर्वांत आधी तेच करावे.

इलेक्ट्रॉनिक्सची धास्ती बहुतेकांना असते. स्टिअरिंगला विजेची मदत आहे, स्थिरता राखणारी यंत्रणा बॉशसोबत विकसित केलेली आहे आणि सेन्सर पुष्कळ आहेत. पण डॅशबोर्डवर एकामागून एक इशारे दिसू लागले आणि गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कमी करून जेमतेम चालण्याच्या स्थितीत) गेली, तर आधी बॅटरी तपासावी. व्होल्टेज घसरले की या गाडीचे सेन्सर अक्षरशः वाट्टेल ते सांगू लागतात. माझ्या बाबतीत हा प्रकार जुन्या बॅटरीमुळेच झाला आणि नवी बसवल्यावर पुन्हा झाला नाही. हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर तिला मेंटेनरवर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या चार्जरवर ठेवावे.

कॅलिफोर्नियात ही गाडी घेणाऱ्याला दोन गोष्टी माहीत असाव्यात. तीनचाकी मोटरसायकल इथे कारच्या साध्या क्लास सी लायसन्सवर चालवता येते, हा मोठा फायदा. हेल्मेट मात्र सक्तीचेच आहे. दुसरी गोष्ट तोट्याची: रांगांमधून वाट काढत जाण्याची कायदेशीर मुभा जमिनीला दोनच चाके टेकणाऱ्या मोटरसायकलींना आहे. त्यामुळे ऑगस्टमध्ये सेंट्रल व्हॅलीतल्या कोंडीत तुम्ही कारच्या मागे उभे राहता आणि रेडिएटरची खरी परीक्षा तिथे होते. ९९८ सीसीच्या जुन्या गाड्या याच बाबतीत बदनाम होत्या. पायांवर येणारी उष्णता सहन करणे कठीण जाई. १३३० तिथे शांत राहते. म्हणूनच ज्यांच्याकडे २०१३ पर्यंतची आरटी आहे त्यांनी गाडी अवश्य बदलावी असे मला वाटते. तो बदल खरोखर वेगळ्या गाडीकडे नेणारा आहे.

माझ्यासारख्या, म्हणजे २०१४ ते २०१९ मधील गाडी असणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. २०२० मध्ये आरटीची रचना नव्याने झाली. सामानाची जागा १५५ वरून १७७ लिटर झाली आणि चालकाला पाय पुढेमागे हलवता येतील असे लांब फूटबोर्ड आले. ही शेवटची गोष्ट कागदावर किरकोळ वाटते, पण टायोगा पासच्या घाटावरून परतताना तिचे महत्त्व माझ्या गुडघ्यांना कळते. २०२५ मध्ये सव्वादहा इंचांचा टचस्क्रीन आणि ॲपल कारप्ले मिळाले. स्क्रीन सुंदर आहे यात वाद नाही. पण फोन हँडलवर लावून मी आजही रस्ता शोधतोच, आणि लिमिटेड या वरच्या मॉडेलसाठी करांसह तीस हजार डॉलरच्या पुढे मोजून मला जे इंजिन मिळणार ते माझ्याकडे आहेच. हार्लेची ट्राय ग्लाइडही चालवून पाहिली. तिच्यात दोन चाके मागे आहेत, बैठक अतिशय ऐसपैस आहे आणि आवाज तर विचारूच नका, पण घाटवळणांवर पुढच्या दोन चाकांची पकड मला अधिक विश्वासाची वाटते.

सौ.चे मत यात निर्णायक आहे, कारण मागे बसून तासन्‌तास प्रवास तिलाच करायचा असतो. तिला २०२० नंतरच्या लिमिटेडची पाठ टेकायची सोय आवडली आहे; स्क्रीनकडे तिने पाहिलेही नाही. त्यामुळे सध्याचा विचार असा आहे की येत्या हिवाळ्यात पुली उघडून दाते नीट तपासायचे. ते चांगले असतील तर नवा बेल्ट आणि मागचा टायर घालून हीच गाडी चालवत राहायची, आणि झिजलेले आढळले तर मोठा खर्च करण्याऐवजी २०२० ते २०२३ मधील एखादी कमी चाललेली लिमिटेड शोधायची. नव्या गाडीच्या शोरूममध्ये तूर्त जाणार नाही.