डीएक्स-७ सेकंडहँड घेतला, बडोद्यात आठ महिने वाजवल्यानंतर

सगळ्यात आधी एक सांगते, नुसत्या आवाजासाठी यामाहा डीएक्स-७ हा जुना सिंथेसायझर कीबोर्ड घेऊ नका. तो आवाज डेक्स्ड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अगदी जवळचा मिळतो, मांडवात ढोल चालू असताना फरक कुणालाच कळणार नाही. मी घेतला तो पट्ट्यांसाठी, म्हणजे बोट कसं टाकलं ते यंत्राला किती कळतं त्यासाठी. म्हणून बघायला जाल तेव्हाही जास्तीत जास्त वेळ पट्ट्यांवरच घाला.

आपल्याकडे नवरात्र संपली की गरब्याच्या ग्रुपचे जुने कीबोर्ड विकायला निघतात, पण त्यात १९८३ चं मॉडेल सापडणं म्हणजे नशीबच. पहिला बघितला तो दुसऱ्या गावात. पार्टी फोनवर म्हणाली एकदम चालू आहे, गेले तर मागच्या पाटीवर १०० व्होल्ट लिहिलेलं, म्हणजे जपानचा पीस, आणि कुणीतरी तो सरळ आपल्या २३० च्या प्लगला लावलेला. रविवार गेला, भाडं गेलं आणि वाईट याचं वाटलं की एक चांगला पीस उगाच मेला. तर फोटो मागवाल तेव्हा मागच्या पाटीचा पहिला मागवा.

दुसरा दांडिया बाजारात एका काकांकडे मिळाला. ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता बोटं दुखतात. हाही १०० व्होल्टचाच, पण सोबत स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर होता. अडतीस हजार सांगितले, चौतीसला दिला. मी चालू केल्या केल्या वाजवायला लागले तर म्हणाले, "थांब गं, अर्धा तास चालू राहू दे, गरम झाल्यावर काय करतो ते बघ." आणि बरोबरच आहे, जुन्या बोर्डावरचं कच्चं सोल्डर थंड असताना गुपचूप बसतं आणि तापल्यावर खरखरायला लागतं. चहा झाला, मग वाजवला.

बघायची पद्धत अशी की ई-पियानो १ हा आवाज लावा आणि ६१ च्या ६१ पट्ट्या हळू, मध्यम, जोरात अशा वाजवा, कंटाळा करू नका. यात सहा ऑपरेटर, म्हणजे लहरी बनवणारे भाग असतात, काही आपल्याला ऐकू येतात आणि काही नुसते दुसऱ्याला हलवतात, त्यांना मॉड्युलेटर म्हणतात, त्या आवाजातली ती टिंग येते ती चौदापट फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या मॉड्युलेटरमुळे, आणि तो किती लागणार हे बोटाच्या जोरावर. म्हणजे जोरात दाबलं की आवाज नुसता मोठा नाही होत, त्याची जातच बदलते. जोर मोजला जातो तो पट्टीखालचा एक कॉन्टॅक्ट सुटून दुसरा लागेपर्यंतच्या वेळेवरून, तिथे धूळ बसली की हिशोब चुकतो आणि हळू दाबलेली पट्टी एकदम ओरडते. ब्रास किंवा स्ट्रिंग्ज लावून तपासलंत तर हे पटकन लक्षात येत नाही, विकणारा तेच लावून दाखवत असेल तर आवाज बदलायला सांगा.

माझ्यात मधल्या सप्तकातली काळी दोन अशी ओरडत होती. घरी आणून उघडला, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली कागदाची पट्टी त्या कॉन्टॅक्टच्या दोन पत्र्यांमधून अलगद ओढली, चार वेळा, आणि जेव्हा ती काळी दोन शेजारच्या पट्ट्यांसारखी हळू बोलली तेव्हा मी रात्री साडेअकराला आईला उठवून ऐकवलं. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, पत्रा खराब होतो.

मग बॅटरी. आत मेमरीसाठी ३ व्होल्टचा सेल बोर्डावर सोल्डर केलेला असतो, तो उतरला की ३२ आवाज कचरा होतात. फंक्शन मोडमध्ये बॅटरी चेक आहे, माझ्यात २.५ दाखवत होता. बदलायच्या आधी मिडीने, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या केबलने, आवाज कॉम्प्युटरवर घ्या, त्यासाठी 'सिस इन्फो' हे सेटिंग 'अव्हेल'वर ठेवावं लागतं, नाहीतर काहीच बाहेर येत नाही आणि माणूस केबलला दोष देत बसतो. ३२ आवाजांची फाईल फक्त ४,१०४ बाइटची. त्यात काकांनी स्वतः बनवलेली एक शहनाई होती, आणि सेल काढताना ती गेली असती तर मला कधीच चैन पडलं नसतं. रावपुऱ्यातल्या रेडिओवाल्या भाईंनी सेलसाठी होल्डर बसवून दिला.

आता त्रास. नवरात्रीचे नऊ दिवस वाजवला, चौदा किलोच्या वर वजन आणि वर तो ट्रान्सफॉर्मर, रोज जिना. स्क्रीनला लाइट नाही, स्टेजवर अंधारात मोबाइलचा टॉर्च मारून आवाज निवडायचे. आउटपुट मोनो आणि आत रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) वगैरे काही नाही, वेगळं पेडल लागतंच. आणि भावगीतांना साथ करणाऱ्यांनी हे नीट वाचा, ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वरखाली सरकवणं, प्रत्येक आवाजाचा वेगळा सेव्ह होतो, एक बटण दाबून अख्खा कीबोर्ड काळी चारवर नेता येत नाही, मी आमच्या गाणाऱ्या ताईंच्या पट्टीचे आठ आवाज वेगळे बनवून ठेवलेत.

पण त्यांच्याच मागे हलक्या गाण्यात हळू दाबलं की गोल सूर आणि समेवर जरा जोर दिला की घंटी, हे बोटातून होतं तेव्हा ताई मान वळवून बघतात, सॉफ्टवेअर आणि स्वस्त मिडी कीबोर्डवर मला ते कधी जमलं नाही.

रोलँड जुनो-१०६ हा दुसरा सिंथेसायझर पण मनात होता, १९८४ चा, सरकत्या फेडरवाला, शिकायला त्याच्याहून सोपा नाही. पण त्याच्या सहा व्हॉइसच्या, म्हणजे एकेक सूर काढणाऱ्या, चिप्स मरतात, म्हणून एकामागून एक सहा सूर दाबून धरा आणि प्रत्येक नीट ऐका, एक जरी बसका किंवा खरखरता आला तर चिपचा खर्च धरूनच भाव करा. मी बघितलेल्यात दोन बसके होते.

माझ्यात सध्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच थोडी ओरडायला लागलीये, पावसाळ्याआधी परत उघडणार आहे.