नवजात तपासणी: नमुना उत्तम, अहवाल अपुरा

बाळाच्या जन्मानंतर ४८ तासांनी या प्रयोगशाळेच्या परिचारिकेने टाचेतून रक्ताचे थेंब खास कागदावर इतक्या हळुवारपणे टिपले की बाळ क्षणभरच रडले. जन्मजात थायरॉईडची कमतरता असल्यास पहिल्या २ आठवड्यांत औषध सुरू होणे मेंदूच्या वाढीसाठी फार मोलाचे असते. त्यामुळे टीएसएचचा (थायरॉईडचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या चाचणीचा) अहवाल तिसऱ्याच दिवशी हाती आला, याचे मला मनापासून समाधान वाटले. मात्र दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.२ आले आणि त्याच्यापुढे प्रौढांची मर्यादा छापून लाल खूण केलेली होती. या वयात ते स्वाभाविकपणेच उतरते, हे बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगेपर्यंत आम्हा दोघांना झोप लागली नाही. लहान मुलांच्या अहवालावर वयानुसार संदर्भमूल्ये नसणे ही गंभीर चूक आहे आणि ती तातडीने सुधारावी.