घरच्या एअर कॉम्प्रेसरला कोणतं ऑइल? इंजिन ऑइल, मिनरल की सिंथेटिक

टायरमध्ये हवा भरायला किंवा स्प्रे पेंटिंगला घरी एक-दोन एचपीचा बेल्टवाला पिस्टन कॉम्प्रेसर असेल, तर त्याच्यापुरतं हे लिहितो आहे. मशीनवर 'ऑइल-फ्री' लिहिलं असेल तर त्यात थेंबभरही तेल ओतू नका.

गाडीचं उरलेलं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल बहुतेकांच्या घरी असतंच. फुकटात काम होतं, म्हणून पहिला मोह त्याचाच. पण त्यात डिटर्जंट असतं. इंजिनातली काजळी तेलात तरंगत ठेवायची आणि फिल्टरने ती पकडायची, अशी ती योजना आहे; छोट्या कॉम्प्रेसरला मुळात ऑइल फिल्टरच नसतो. शिवाय दमट हवेतून क्रँककेसमध्ये (तेल साठतं त्या खालच्या भागात) आलेलं पाणी डिटर्जंटमुळे तेलातच मिसळून राहतं आणि तेल दुधाळ होतं. त्याहून मोठं नुकसान वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, होतं. पिस्टनच्या रिंगांवरून वर गेलेलं तेल तिथल्या उष्णतेत जळतं. असं हेड खोललं की व्हॉल्व्ह प्लेटवर कढईच्या बुडाला करपून बसतो तसा काळा, कडक थर दिसतो. व्हॉल्व्हची पातळ पट्टी मग नीट बसत नाही, दाबलेली हवा मागे फिरते, टाकी भरायला वेळ लागतो, मशीन आणखी तापतं आणि कार्बन आणखी साठतो. फुकटचं तेल असं महागात पडतं.

मिनरल, म्हणजे खनिज तेलापासूनच्या, कॉम्प्रेसर ऑइलमध्ये डिटर्जंट नसतं. पाणी तेलापासून सुटून तळाशी बसतं आणि ड्रेन प्लग खोलला की आधी तेच बाहेर येतं. कोकणातल्या पावसाळ्यात या एका गुणासाठीही मी हेच निवडेन. ग्रेड मात्र बघून घ्या. व्हीजी १०० म्हणजे ४० अंश सेल्सिअसला साधारण १०० सेंटिस्टोक जाडी, गाडीच्या तेलांच्या मापात जवळपास एसएई ३० इतकी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हीच हवी. थंड ठिकाणी, किंवा थंडीत मोटर सुरू होताना कण्हत असेल तर, व्हीजी ६८. अर्थात मॅन्युअलमध्ये चालत असेल तरच. डब्यावर 'डीआयएन ५१५०६ व्हीडीएल' हे जर्मन मानक दिसलं तर बिनधास्त घ्या. जास्त तापणाऱ्या कॉम्प्रेसरसाठीचा तो वर्ग आहे. दुकानदाराने साधं एसएई ३० दिलं तर त्यात डिटर्जंट नाही ना, हे विचारून घ्या. स्क्रू कॉम्प्रेसरचं व्हीजी ४६ इथे नको.

सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं तेल, निःसंशय सरस: कार्बन कमी, तेल जास्त तास टिकतं, कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतं. कॅनडातल्या गॅरेजमध्ये, शून्याखाली मशीन सुरू करायचं असेल तर मी डोळे झाकून तेच सुचवेन. नाशिक-पुण्याला, आठवड्यातून तासभर चालणाऱ्या मशीनला त्याची गरज नाही. इतक्या कमी वापरात तेलाचे तास संपण्याआधी वर्ष संपतं आणि वर्षाला एकदा तेल बदलायचंच असतं. मिनरल स्वस्त असल्यामुळे ते बदलताना हातही आखडत नाही. मशीन रोज तासन् तास चालत असेल तर मात्र सिंथेटिकचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना मशीन थोडं चालवून तेल कोमट करा, बंद करून प्लग काढा आणि जुनं पूर्ण निथळू द्या. काही सिंथेटिक तेलं मिनरलमध्ये मिसळतच नाहीत, म्हणून वरून भर घालू नका. नवं तेल पातळी दाखवणाऱ्या काचेतल्या लाल ठिपक्यापर्यंतच भरा. त्याच्या वर गेलं तर जास्तीचं तेल हवेबरोबर टाकीत आणि तिथून तुमच्या पेंटमध्ये जातं.